पूर्ण नाव विचारणारा माणूस

येरमाळ्यात देवीकडं जाणाऱ्या रस्त्यावर प्रेमाबाईचं नारळ-ओटीचं दुकान आहे. त्या दुकानात बसून ती त्या दुपारी एक खोटं बोलली. साधंसुधं नव्हे बरं का. इतकं सफाईदार बोलली की ऐकणाऱ्यानं मुकाट्यानं गाडीला किक मारली आणि मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात काळी बॅग अडकवलेला एक पोरगेलासा माणूस मोटरसायकलवरून उतरला. शेजारच्या हॉटेलाच्या बंद शटरकडं बोट करून म्हणाला, "मावशी, शिवरंजनी उत्तरेश्वर बारकुल इथंच राहतात का?"

प्रेमाबाईनं कान टवकारले. त्या आळीत हे शहाणपण लहान पोरालाही असतं. पाहुणा कधी पूर्ण नाव घेऊन विचारत नाही. पाहुणा विचारतो, सोनालीचं हाटेल कुठंय? बापाचं नाव, आडनाव सगळं जोडून विचारणारा माणूस एक तर कोर्टाचा नाहीतर फायनान्सचा. आळीत हप्ता नाही असं दुकान नाही. कुणाचा फ्रीज हप्त्यावर, कुणाची मोटरसायकल, कुणाचं बायकांच्या गटाचं कर्ज. म्हणून कुणी न शिकवता एक रीत पडून गेलेली: असा माणूस आला की शेजाऱ्यानं सांगायचं, ते इथं राहत नाहीत.

"कवाच गेले पुण्याला," प्रेमाबाई वातींचा पुडा बांधत म्हणाली. "शटर बंद हाय, दिसंना व्हय?"

"पत्ता, फोन काही?"

"आमाला कशाला देतील पत्ता? माजीच उधारी बुडवून गेल्या मायलेकी."

हे शेवटचं तिला त्या क्षणी सुचलं, आणि ते बोलल्यावर तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. उधारी बुडालेली बाई खोटं कशाला बोलेल? पोरानं मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं, बंद शटरचा फोटो काढला आणि तो गेला.

सोनाली आणि तिची लेक रंजी, म्हणजे शिवरंजनी, संध्याकाळी कळंबहून परत आल्या. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला मिळाला म्हणून दोघी खुशीत होत्या. प्रेमाबाईनं दुपारच्या माणसाचं अवाक्षर काढलं नाही. आळीच्या रीतीचा हा दुसरा भाग, आणि पहिल्यापेक्षा मोठा. ज्याच्यासाठी खोटं बोललो त्याला ते कधी सांगायचं नाही. सांगितलं की त्याची मान खाली जाते. आपल्या पोरीचं नाव घेऊन फायनान्सचा माणूस दारात आला होता, हे ऐकून कुठल्या आईला घास गोड लागेल? नवरा उत्तरेश्वर वारल्यापासून सोनालीनं एकटीनं हॉटेल चालवलं, पोरगी बारावीला आणली. घेतलं असेल बिचारीनं कुठून तरी उचलून. प्रेमाबाईनं ते पोटात ठेवलं.

आता प्रेमाबाईला रंजीचं कर्ज माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. रंजीला पुण्याच्या कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला होता आणि बँकेचं शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं होतं. पोरीनं तिला दुकानात बसून सगळं समजावलं होतं. साडेसात लाखांपर्यंत जमीन-सोनं काही गहाण ठेवावं लागत नाही. आईची सही पोरीच्या बरोबरीनं लागते. शिकत असताना हप्ता नाही, शिक्षण संपल्यावरही वर्षभर नाही, पुढं नोकरीतून फेडायचं. दाखला दिला तर सरकार शिकतानाच्या व्याजात सूट देतं.

"आन पैसे?" प्रेमाबाईनं विचारलं होतं.

"पैसे आपल्या हातात येत न्हाईत, आज्जी. बँक थेट कॉलेजला भरती."

"हातात न येणारं कर्ज," प्रेमाबाई म्हणाली होती. "नवलच हाय बाई. मंग उडवायचं काय?"

रंजी खदखदून हसली होती. पण एक गोष्ट सांगायची ती विसरली, कारण तिलाही ती ठाऊक नव्हती. कर्ज देण्याआधी बँक एक माणूस पाठवते. तो घर बघतो, शेजाऱ्यांना विचारतो, पत्ता खरा आहे का ते लिहून देतो. प्रेमाबाईच्या उभ्या आयुष्यात बँकेचा माणूस देण्याआधी कधी आला नव्हता. आला तो घ्यायलाच आला.

पुढं काही दिवस सगळं निवांत गेलं. मग एका सकाळी रंजी बँकेतून आली ती रडत आली नाही, तेच वाईट होतं. चेहरा पार पांढरा पडलेला. हॉटेलच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "आई, कर्ज नामंजूर होतंय."

प्रेमाबाई आपल्या दुकानातून ऐकत होती. मधे एक पत्र्याचा पडदा तेवढा.

"का म्हून?" सोनालीनं हातातली गाळणी खाली ठेवली.

"आपण इथं राहतच न्हाय म्हणं. तपासणीला माणूस आला हुता, त्याला शेजाऱ्यांनी सांगितलं, गेल्या पुण्याला. फोटोत शटर बंद हाय. त्यानं तसंच लिहून दिलं."

"कोण शेजारी?"

"नाव न्हाय सांगितलं बँकेच्या मॅडमनी. पण वर असंबी सांगितलं म्हणं, की आपण त्यांची उधारी बुडवून गेलो."

प्रेमाबाईच्या हातात नारळ होता. तो तिनं जपून खाली ठेवला.

पत्र्यापलीकडं रंजी एकेक गोष्ट सांगत होती. फी उद्या पाचच्या आत भरायची. नाही भरली तर जागा यादीतल्या पुढच्या पोरीला जाणार, मग यंदाचं वर्ष गेलं. नव्यानं तपासणी मागितली तर आठवडा लागतो. मॅडम भल्या होत्या, त्यांनी तपासणीच्या कंपनीला फोन लावला. तोच माणूस आज चार वाजता पुन्हा येईल. पण अट अशी, की ज्या बाईनं नाही म्हणून सांगितलं, तिनंच आधार कार्ड दाखवून लिहून द्यायचं, की मी चुकीचं बोलले, ह्या इथंच राहतात. दुसऱ्या कुणाची साक्ष चालणार नाही. नाहीतर एकाच पत्त्याची दोन उत्तरं होतात आणि बँक त्यावर पैसे सोडत नाही.

"काय अवदसा आठवली त्या बाईला," सोनाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, फुटला. "माझ्या पोरीच्या मुळावर कोण उठलं?"

प्रेमाबाईला वाटलं, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? आळीत बाराजणी आहेत. पण ती उठली, पदर सावरला आणि पत्र्याला वळसा घालून हॉटेलात गेली.

"सोनाली," ती म्हणाली, "म्या सांगितलं."

सोनाली तिच्याकडं वळली.

"म्या समजले फायनान्सवाला हाय. पूर्ण नाव घेऊन विचारलं त्यानं. तुला लाज नको वाटाया म्हून तुला बोलले न्हाय." प्रेमाबाईनं दोन्ही कान धरले. "माजी जीभ झडो. उधारीचं तर उगाच जोडलं."

स्टोव्हवरचा चहा उतू गेला. मग रंजीच उठली, स्टोव्ह बंद केला आणि म्हणाली, "आज्जी, तुमी आज चारला इथंच थांबा. एवढंच करा. आधार घेऊन या."

सोनालीच्या डोळ्यांत राग नव्हता. काहीतरी वेगळंच होतं, आणि ते काय आहे हे प्रेमाबाईला तेव्हा उमगलं नाही.

दुपारचे अडीच वाजून गेल्यावर आधार आणायला ती मागच्या घरी गेली तर तिचा मुलगा नंदीश दारातच उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. नंदीशकडं एक पिकअप गाडी होती, डेअरीचं दूध वाहायची. डेअरीनं ठेका मोडला, हप्ते थकले. तेव्हापासून ती गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली. पहाटे उठून तो भाजीचं एखादं भाडं मारायचा आणि उजाडायच्या आत गाडी परत आत. आणखी दोन महिने अशी लपली तर थकलेलं भरून मोकळा होईन, असा त्याचा हिशेब होता.

"आई, तपासणीवाल्या पोराचं नाव काय? योगीराज का?"

"मला काय ठाऊक?"

"काळी बॅग, परांड्याकडचं बोलणं, गालावर तीळ?"

"तीळ हुता खरा."

नंदीशनं डोकं धरलं. "तोच. बँकेची तपासणीबी तेच करतेत आन फायनान्सच्या गाड्याबी तेच वढून नेतेत. एकच कंपनी. माझ्या गाडीच्या मागं तोच हाय. त्याला आळीतल्या कुणी सांगितलं आसंल, शेटे कुटुंब गाव सोडून गेलं. दुकानावर आपलं नाव न्हाय म्हून त्याला तू कोण ते ठाऊक न्हाय. तू आधार म्होरं ठेवलंस की तो वाचणार, प्रेमाबाई शिवलिंगप्पा शेटे. संपलं."

प्रेमाबाई उंबऱ्यावर बसली.

"दुसऱ्या कुणाला तरी उभं करा, 'म्याच बोलले' म्हणाया," नंदीश म्हणाला.

"त्यानं माजं तोंड बघितलंय रे."

"मंग म्या गाडी काढतो. परांड्याला ताईकडं लावतो. चार वाजायला अजून तासभर हाय. त्यानं इचारलं तर सांग, त्यो मुलगा माझा खरा, पण पुण्याला हाय. एवढं एक बोल. रंजीचं खरं सांग, माझं ऱ्हाऊ दे."

ह्यात चूक काय होती? प्रेमाबाईला काहीच दिसेना. एक खरं, एक खोटं. पोरीचं कॉलेज राहील, पोराची गाडी राहील. तिनं मान हलवली. नंदीश ताडपत्री सोडायला शेडमध्ये गेला.

पण बँकेच्या मॅडमनी फारच मनावर घेतलं होतं. चारला यायचा माणूस तीनलाच आला.

मोटरसायकलचा आवाज ऐकून प्रेमाबाई बाहेर आली तेव्हा योगीराज हॉटेलच्या बाकावर बसून बॅग उघडत होता. शेडमध्ये ताडपत्री अर्धीच निघाली होती आणि नंदीश हातात किल्ली घेऊन शेडच्या पत्र्यामागं भिंतीला चिकटून उभा होता.

"ह्याच मावशी," योगीराज म्हणाला. तो चिडलेला होता आणि त्याचं चुकलंही नव्हतं. "मावशी, तुमच्यापायी मला साहेबानं उभं-आडवं झापलं. म्हणाला, खोटा रिपोर्ट दिलास. आणखी एक असा रिपोर्ट निघाला तर नोकरी जाईल माझी. आणा आधार."

प्रेमाबाईनं कार्ड दिलं. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. वर पाहिलं.

"शेटे? नंदीश शिवलिंगप्पा शेटे तुमचे कोण?"

पूर्ण नाव. आळीच्या सगळ्या बायका जणू प्रेमाबाईच्या घशात येऊन बसल्या. उत्तर तयार होतं, तिनं ते मघाच पाठ केलं होतं. तोंड उघडलं, पण त्याआधी योगीराजच बोलला.

"अन् थांबा. ह्या ताई. नाव आज कळलं ह्यांचं." त्यानं सोनालीकडं पाहिलं. "मी मागं दोनदा आलो तेव्हा ह्याच ताईंनी मला इथं बसवून चहा पाजला आणि सांगितलं, शेटे गेले पुण्याला, घराला कुलूप हाय. दुसऱ्या वेळी तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं."

प्रेमाबाईनं वळून सोनालीकडं पाहिलं. सोनाली खाली बघत होती. दोनदा. आणि एकदाही ती त्याबद्दल बोलली नव्हती. रीत पूर्ण पाळली होती तिनं, खोटं बोलायचीही आणि न सांगायचीही. सकाळी तिच्या डोळ्यांत काय होतं ते आता प्रेमाबाईला कळलं. रागवायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटत होतं.

योगीराजनं पेनाला टोपण लावलं. "ह्यांनी तुमच्यासाठी खोटं सांगायचं, तुम्ही ह्यांच्यासाठी. आता तुम्ही म्हणता ह्या इथंच राहतात. मी कशावरून मानू? मला आता एकच सांगा मावशी. नंदीश कुठंय? ते खरं सांगितलंत तर हेही खरं, असं मी धरीन. न्हाईतर मी निघालो."

रंजी भिंतीला टेकून उभी होती. तिनं ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. मागायचा तिला धीर नव्हता.

बोलली ती सोनाली. "आक्का, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोरीचं पुढच्या साली बघू. वर्षभरानं काय बिघडतंय? तुमी नका काय बोलू."

तिचा आवाज अगदी सरळ होता. एवढ्या सरळ आवाजात माणूस तेव्हाच बोलतं, जेव्हा आत सगळं कोसळत असतं. आणि प्रेमाबाईला एकदम चीड आली. सोनालीची नव्हे, योगीराजचीही नव्हे. आपलीच चीड आली. ह्या बाईनं आपल्या पोरासाठी डोळ्यांत पाणी आणून खोटं बोलावं, आणि आपण तिच्या पोरीचं वर्ष गिळून गप्प बसावं?

"पोरगा हाय माजा," ती म्हणाली. "पुण्याला न्हाय. मागं शेडमधी हाय, गाडीपाशी. जावा, बघा."

पत्र्यामागं किल्ली खाली पडल्याचा आवाज आला.

"आता माज्याकडचं खोटं संपलं," प्रेमाबाई म्हणाली. "आता ल्ह्या. शिवरंजनी उत्तरेश्वर बारकुल जन्मल्यापासून इथंच राहती. माज्या मांडीवर वाढली. माजी उधारी न्हाय तिच्याकडं, मीच तिच्या आईचा रोज फुकट चहा पिते. हेबी ल्ह्या."

योगीराजनं लिहिलं. तिची सही घेतली, रंजीचा आणि सोनालीचा उघड्या शटरसमोर फोटो घेतला आणि तिथंच बसून रिपोर्ट पाठवला. मग तो उठून शेडकडं गेला. नंदीश हलला नाही. योगीराजनं गाडीचा नंबर पाहिला आणि बराच वेळ गळ्यातल्या बॅगेचा पट्टा नीट करत राहिला.

"मी आज गाडी धरायला आलो न्हाय," तो अखेर म्हणाला. "पण बघितलीय, तर लपवता यायची न्हाय मला. एवढं करतो, दोन दिवस सांगत न्हाय. तेवढ्यात तुम्ही स्वतः धाराशिवला फायनान्सच्या यार्डात नेऊन लावा. वढून न्यायचा खर्च वाचंल. थकलेलं भरून सोडवता येती अशी गाडी. विकायच्या आधी नोटीस देतेत, तेवढी मुदत असती."

नंदीश त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी आईशी बोलला नाही. सकाळी सोनाली आणि रंजी बँकेत सह्या करून आल्या, आणि दुपारी रंजीच्या मोबाइलवर कॉलेजची फी भरल्याची पावती आली. पोरगी पावती दाखवायला पळत प्रेमाबाईकडं आली. प्रेमाबाईनं तिचं तोंड कुरवाळलं, तिच्या हातावर खडीसाखर ठेवली, आणि पोरगी गेल्यावर वातींच्या पुड्यांमागं तोंड लपवून पोटभर रडली. आनंद होता का दुःख, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी यार्डात न्यायला नंदीशनं ताडपत्री पार काढली. पिकअप बादलीनं धुतली, आरसे पुसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती गाडी भर उन्हात देवीच्या रस्त्यावर उभी राहिली, आणि आळीतल्या सगळ्यांनी ती पाहिली आणि कुणी काही विचारलं नाही. रंजीला धाराशिवच्या स्टेशनावर पुण्याची रेल्वे पकडायची होती. नंदीशनं कुणाला न विचारता तिची ट्रंक आणि वळकटी उचलून मागं टाकली. सोनाली आणि रंजी पुढं बसल्या.

रंजीनं खिडकीतून हात बाहेर काढून प्रेमाबाईचा हात धरला. "आज्जी, पाच-सहा वर्षांनी माझे हप्ते चालू होतील. तवा बँकेचा माणूस येईल इचारायला. तुमी काय सांगचाल?"

"सांगीन, हाय. ये, बस, च्या पी," प्रेमाबाई म्हणाली. "पर तू हप्ता येळेवर भर. मला म्हातारपणी कुणाच्या म्होरं उभं करू नगंस."

सोनालीनं प्रेमाबाईचा दंड घट्ट दाबला.

नंदीशनं गाडी सुरू केली. तो समोर रस्त्याकडंच बघत होता. प्रेमाबाई त्याच्या बाजूच्या खिडकीपाशी गेली. माफ कर म्हणावं, तर त्यात माफ करण्यासारखं काय होतं? गाडी सुटंल रे परत, म्हणावं, तर ते खरं होईल का हे तिला ठाऊक नव्हतं, आणि खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती. तिनं खिडकीच्या काठावर हात ठेवला.

त्यानं गिअर टाकला. मग परत न्यूट्रल केला.

"आई, सांजच्या यष्टीनं येतो परत," तो म्हणाला. "तवर कुणी पूर्ण नाव घेऊन इचारलं, तर सांग, नंदीश इथंच ऱ्हातो."